यमाच्या वहीतलं पोरींचं पान

चांदा,
२० जून १९५६

बाई,

आधी पाया पडतो, मग भांडतो. रागावू नको.

शाळा उघडायला आठ दिवस उरलेत. मी इथं मास्तर म्हणून दुसऱ्यांच्या पोरांची नावं दाखल करून घेतो, आणि माझा सख्खा भाचा तिकडं कोसंबीत तळ्याच्या पाळीवर परकर नेसून, वेणी घालून, नाकात चमकी घालून फिरतो! सहा वर्षांचा झाला की आता! मागं होळीला आलो तेव्हा चिमूरची बांगडीवाली त्याच्या हातात बांगड्या भरत होती. मला म्हणते, 'मामा, तुमच्या लहान्या भाचीचा हात भल्ला नरम हाये.' मी खरं सांगणार होतो. तू असे डोळे वटारलेस की मुकाट्यानं 'हो' म्हटलं.

आणि नाव काय, तर उकंडी. उकिरड्यावरची पोर. सगळं घर त्याच्याशी 'आली, गेली, जेवली' असं बोलतं. माझ्या तोंडून एकदा 'आला' निघालं, तर तुझी सासू रुखमाबाई तीनदा थुंकली आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मला ठसका लागला तो लागलाच.

तुझी दोन मुलं गेली, ते मी विसरलेलो नाही. पण यम काय इतका खुळा आहे, की आपण मुलाला मुलगी म्हटलं की चकवा लागल्यासारखा परत जाईल? लोक शहाणे होत चालले बाई, आपण कधी होणार? या वर्षी त्याचं नाव शाळेत घाल, मुलगा म्हणून. नाव मी ठरवून ठेवलंय, गुणवंत. मनसाराम भाऊजींना हे पत्र वाचून दाखव. पोराला बाराखडी येते का, तेही कळव.

प्रेमिला बरी असेलच. तिला तिसरीची जुनी पुस्तकं मिळाली तर पाठवतो.

तुझा
उमाजी


कोसंबी, चिमूरजवळ,
६ जुलै १९५६

उमाजी,

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी भेटलं. भांडाले तू लहानपनापासूनच हुशार. मी तुझ्याच पाटीवर चोरून शिकलेली, तवा माझ्या अक्षराले हसू नको.

पोरीच्या बापाले पत्र वाचून दाखवलं. ते जाळं विनत होते. 'हूं' म्हनले, अन् विनतच राह्यले.

तुले वाटते मी अडानी हाये. बरं, अडानी त अडानी. पन तू तवा चांद्याले शिकाले होतास, तुले सारं माहीत नाई. पयला पोरगा बेचाळीसमधी गेला. चिमुरात गोरे सोजीर भरले होते, रस्ते बंद, अन् त्याले उलट्या लागल्या. वैद चिमुरात. दाराबाहेर पाय टाकाची सोय नाई. मी त्याले मांडीवर घेऊन बसली, अन् तो मांडीवरच गेला. दुसरा तीन वर्साचा होऊन तापानं गेला. दोघाईलेबी मी काय काय म्हनत होती! माझा वाघ, माझा राजा, माझ्या वंशाचा दिवा. दारात उभी राहून मोठ्यानं म्हनत होती. ऐकलं असन कोनी.

मंग प्रेमिला झाली. तू हौसेनं नाव ठेवलं. तिले कोनाची नजर लागली नाई, काई नाई, गवतासारखी वाढली. मंग उकंडी झाली, त सासूनं तिले सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवलं. कोतवालाची कमळा ठरल्यापरमानं आली, 'कोनाची पोट्टी टाकून देल्ली बाप्पा' म्हनत उचललं. मी पसाभर कोंडा देऊन तिच्यापासून परत घेतलं. तवापासून थे पोट्टी हाये. सात वर्सं पुरे होतपर्यंत नवस हाये. येत्या चैती पुनवेले तुझ्याच चांद्याले येतो, महाकालीपुढं जावळ काढतो, झरपट नदीत आंघोळ घालतो, अन् मंग तू सांगशील थे नाव ठेवतो. नऊ महिने राह्यले. एकदा पोटात वागवलं, तसेच हेबी काढते. तेवढे काढू दे मले, उमाजी. मी तुझ्या पाया पडते.

तू म्हनतेस यम फसत नाई. मंग हे सहा वर्सं कशी जगली?

शाळेत घालतो, पन उकंडी म्हनूनच. पोट्टीईच्या रांगेत बसन.

तुझी बाई
गोकुळा

मामा, मी प्रेमिला लिहून राह्यली. बारीक अक्षरात लिहिते कारन मायनं जागा कमी ठेवली. मामा, आजी म्हनते यम पोट्टीईले नेत नाई, त्याले पोट्टेच पाह्यजे, पोट्टीले कोन पुसते. हे खरं हाये का? पुस्तकात हाये का? तू मास्तर हायेस म्हनून इचारते.


चांदा,
२१ जुलै १९५६

बाई,

'सहा वर्षं कशी जगली' असं विचारतेस. शाळेत एखादं पोर असं विचारतं तेव्हा मी त्याला 'बस खाली' म्हणतो. तुला तर तेही म्हणता येत नाही.

बरं, तुझं खरं. चैत्रापर्यंत मी तोंडाला कुलूप लावतो. पण शाळेत घाल. उकंडी म्हणून घाल, मुलींच्या रांगेत बसव, काही कर, पण अक्षरं शिकू दे. पावसाळ्यात त्याला तळ्याकडं जाऊ देऊ नको. तुमचं ढिवरांचं घर, पाण्याची भीती नसते कुणाला, म्हणून सांगतो. दूध द्या. थंडी वाजून ताप आला तर वैदूच्या नादी न लागता लगेच मला कळव, इथल्या दवाखान्यातून गोळ्या पाठवतो.

आता हे खालचं प्रेमिलासाठी. तिलाच वाचू दे.

प्रेमिलाबाई, तुमचा प्रश्न पावला. तुमची आजी म्हणते ते अगदी खरं. यमाची एक जाडजूड वही असते. तीत पोरांची पानंच पानं, पण पोरींचं पानच नाही. तेव्हा तुम्ही खुशाल वाघाच्या मिशा उपटा, तळ्याच्या तळाशी जाऊन झोपा, तुमच्या केसालाही धक्का लागायचा नाही. फक्त तुमच्या उकंडीबाईला सांभाळा, म्हणजे झालं. हे मी मास्तर म्हणून लिहून देतो. सही, उमाजी मास्तर, चांदा.

तर बाई, सगळे खुशाल असा. पोराची प्रकृती नीट कळवत जा.

तुझा
उमाजी


कोसंबी,
१२ सप्टेंबर १९५६

उमाजी,

आज हसू येऊन राह्यलं म्हनून लिहिते. उकंडी शाळेत जाते. दसरू मास्तरानं पयल्याच दिवशी तिले हातावर छडी देल्ली, अन् हे रडाले लागली. मास्तर सवयीनं म्हनते, 'काऊन रे पोट्टीवानी रडतेस?' हे म्हनते, 'मी पोट्टीच हाये, मले रडू द्या.' सारी शाळा हसली. मास्तरबी हसला अन् छडी ठेवून देल्ली. घरी येऊन मले म्हनते, माय, पोट्टे रडत नाईत का? मी म्हनलं, रडत नाईत. त म्हनते, मंग मी पोट्टा नाई होत.

पन पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी लहान्या पोराईचा तान्हा पोळा. सारे पोट्टे लाकडाचे बैल सजवून मारुतीपुढं घेऊन गेले. उकंडी दारात उभी. तिले बैल कसा द्यावा? देल्ला असता त साऱ्यायले दिसलं असतं. गंज रडली. मले पाहवलं नाई, मी घरात निघून गेली. मंग प्रेमिलानं तळ्यातली चिकट माती आनली, बैल केला, त्याले दोरी बांधली, अन् आपनच वढत मारुतीपाशी नेला. उकंडीले मांगं मांगं चालवलं. पोट्ट्याईनं चिडवलं त म्हनते, 'बैल माझा हाये, हे पाहाले आली हाये.' बैल परत येतपर्यंत फुटला.

मांगच्या पंधरवड्यात उकंडीले हिवताप आला. तीन दिवस मी जेवली नाई. पोरीचे बाप रातोरात चिमूरले चालत गेले, वैद आनला. सासूनं महाकालीले आनखी एक बकरा बोलला. आता बरी हाये. प्रेमिलालेबी त्याच दिवसाईत ताप होता. थे आपली गोधडी घेऊन कोपऱ्यात पडली, मंग आपोआप उठली.

तुझं पत्र प्रेमिलानं दप्तरात ठेवलं हाये. साऱ्या गावाले वाचून दाखवते. परवा मोहाच्या झाडाखाली साप निघाला. पोट्टे पळाले, अन् हे काडी घेऊन त्याले हाकलाले गेली. मी रागावली त म्हनते, 'मले मामानं लिहून देल्लं हाये, वहीत माझं पान नाई.' सासू हसून हसून लोळली. पोट्टी मोठी धीट निघाली बाप्पा, पोट्टा पाह्यजे होती, असं सारे म्हनतात.

सात महिने राह्यले.

गोकुळा


चांदा,
४ नोव्हेंबर १९५६

बाई,

भाऊबिजेला येता येत नाही, त्याचं फार वाईट वाटतं. दिवाळीनंतर लगेच शाळेची तपासणी आहे, हेडमास्तर सुटीतही सोडत नाहीत. तू पाटावर रिकाम्या जागेला ओवाळशील, ते डोळ्यांपुढं येतं.

चिमूरच्या एका गाडीवानाबरोबर गाठोडं पाठवतोय. त्यात हिवतापाच्या गोळ्या आहेत, पुडीवर 'उकंडी' असं लिहिलंय, रोज अर्धी द्यायची. एक शर्ट आणि एक चड्डी आहे, थोडी मोठीच शिवून घेतलीय, चैत्रापर्यंत अंगाला येईल. कुणाला दाखवू नको, तांदळाच्या कोठीत लपवून ठेव. चैती पुनवेला महाकालीच्या दारात मी स्वतः त्याच्या अंगात घालीन, आणि मोठ्यानं 'गुणवंत' म्हणून हाक मारीन. सहा वर्षं गिळलेली हाक आहे ती, जरा जोरातच निघेल. नकाशात आपण पहिल्या तारखेपासून मुंबई राज्यात गेलो. तुला काय, तुझं तळं आहे तिथंच आहे.

तान्ह्या पोळ्याचं वाचलं. एक लाकडाचा बैलही करायला दिलाय इथल्या सुताराला.

प्रेमिला बरी असेलच. तिच्यासाठी लाल रिबीन आहे गाठोड्यात. साप हाकलला म्हणजे मामाचं नाव राखलं म्हणायचं! शाब्बास म्हणावं.

उमाजी


चांदा,
२६ नोव्हेंबर १९५६

बाई,

गाठोडं पोचलं की नाही, काही कळलं नाही. उकंडीला गोळ्या दिल्यास का? शिंगाडे काढायचे दिवस आहेत, तुम्ही सगळे पाण्यावर असाल. पोराला पाळीच्या खाली उतरू देऊ नको. दोन ओळी टाक.

उमाजी


चांदा,
९ डिसेंबर १९५६

बाई,

तुझं पत्र नाही म्हणजे काय समजू? मला दोन रात्री झोप नाही. उकंडीला काही झालं का? लपवू नको. काहीही असलं तरी लिही. मी महाकालीला कधी हात जोडत नाही, काल जोडून आलो.

उमाजी


कोसंबी,
१७ डिसेंबर १९५६

उमाजी,

दोन्ही कार्डं भेटले. गाठोडंबी भेटलं. उकंडी बरी हाये. तिले काई झालं नाई.

प्रेमिला नाई राह्यली.

कार्तिक पुनवेच्या दोन दिवस आधी. आज महिना झाला. रोज कागद घेते अन् ठेवून देते.

शिंगाडे काढाले सारे गेलो होतो. तुले माहीत हाये, दोन उलटे मडके बांबूले बांधतात अन् त्याच्यावर छाती टेकवून पान्यात जातात. प्रेमिलाले दोन वर्सांपासून सवय होती. मी पाळीवर बसून शिंगाडे निवडत होती. उकंडीले माझ्या पदरानं बांधून ठेवलं होतं, एक टोक तिच्या कमरेले, एक माझ्या. तू लिहिलं होतं ना, पाळीखाली उतरू देऊ नको.

प्रेमिलाचं एक मडकं फुटलं. मी म्हनलं, ये वर. थे म्हनते, राहू दे माय, मले काय लागते मडकं? अन् पाळीजवळ जिथी खोल हाये, जिथी मोठेमोठे शिंगाडे राहतात, मोठी मानसंबी मडक्याबिगर जात नाईत, तिकडं गेली.

मी पाह्यलं, उमाजी. आपल्या डोळ्यानं पाह्यलं. हाक नाई देल्ली. उकंडीनं पान्याकडं एक पाऊल टाकलं त माझा जीव उडते, मी आरडते, पदर वढते. अन् प्रेमिला माझ्या डोळ्यांपुढं खोल पान्यात गेली, त मले भेवच नाई वाटलं. मनातच आलं नाई का तिले काई होईन. मी खाली मान घालून शिंगाडे निवडत राह्यली. कोनता सडका, कोनता चांगला, थे पाहत राह्यली.

वर पाह्यलं त पान्यावर कोनी नाई.

वेलात पाय गुतला होता. तिच्या बापानं बुडी मारून काढलं. थे तवापासून बोलत नाईत. जाळं विनतात, उसवतात, पुन्हा विनतात. सासू एकच म्हनते, असं कसं झालं, पोट्टी होती ना? गावातल्या बाया आल्या, मले समजावत होत्या, दोन पोरं गेले त्यापुढं हे काई नाई, रडू नको, उकंडीले जप. मी रडू कुठी?

निरोप काऊन नाई धाडला म्हनशील. मी म्हनलं होतं, धाडा. त गावातले म्हनले, पोट्टीच्या मातीले चांद्याहून कोन मानूस बलावते. मंग मी गप्प राह्यली. थेबी माझंच चुकलं.

तुझं पत्र तिच्या पोलक्यात होतं, घडी करून. मी उन्हात वाळवलं. शाई सारी पसरली, आता वाचता येत नाई, कागद तेवढा हाये. ठेवू का तुले धाडू?

मी तुले दोष देत नाई, भाऊ. तू एकदाच लिहिलं. आमी त रोज बोलत होतो.

गोकुळा


चांदा,
२ जानेवारी १९५७

बाई,

मी चिमूरपर्यंत आलो होतो. नाताळच्या सुटीत. मोटारीतून उतरलो, कोसंबीच्या वाटेला लागलो, तुमच्या तळ्याची पाळ दिसली अन् पाय पुढं पडेना. बाभळीखाली बसून राह्यलो. एक बाई डोक्यावर शिंगाड्याची टोपली घेऊन आली, म्हनते, 'मास्तर, इथी काऊन बसले?' मी म्हनलं, थकलो. संध्याकाळची मोटार धरून परत आलो. तुझा भाऊ एवढा नामर्द हाये.

बघ, हाच शब्द आला हातातून. दुसरा सुचला नाई. मास्तर म्हनवतो स्वतःले, अन् शब्द हे असे. खोडनार होतो, मंग तसाच ठेवला.

मी काय लिहिलं होतं थे मले पाठ हाये. तू कागद धाडू नको. धाडलास त मी काय करू त्याचं? मी हसत हसत लिहिलं होतं, बाई. समोर चहा होता. माझ्या शाळेतल्या मास्तरले वाचून दाखवलं, तोबी हसला. तिनं 'पुस्तकात हाये का' म्हनून इचारलं होतं. नवाच वर्सांची पोट्टी, बापाचं नाई, आजीचं नाई, पुस्तकाचं पुसत होती. अन् मी तिले काय देल्लं?

माझे सारे पत्रं आठवून पाह्यले. भाच्याले दूध द्या, भाच्याले गोळ्या द्या, भाच्याले पान्याजवळ जाऊ देऊ नका. अन् तिच्यासाठी, 'बरी असेलच.' दोघाईले एकाच वेळेस ताप आला असं तू लिहिलं होतं, थे मी वाचलं, अन् एकाच्याच नावानं पुडी धाडली. मीच तुले अडानी म्हनत होतो ना? तुमी नवसासाठी बोलत होते. माझा कोनता नवस होता?

वर्गात माझ्यापुढं सात पोट्ट्या बसतात. त्यातली एक रोज हात वर करते, मास्तर हे काऊन, मास्तर थे काऊन. आताशा तिनं हात वर केला का मी फळ्याकडं तोंड करून उभा राहतो. तिनंबी आता हात वर करनं सोडलं.

दोष देत नाई, असं लिहू नको. दे. भाऊजीले म्हनाव, मले शिव्या द्या.

चैतात पोराले घेऊन ये. त्याचं तरी नीट होऊ दे. मी दुसरं काई सांगू शकत नाई.

उमाजी


कोसंबी,
७ एप्रिल १९५७

उमाजी,

पुनव आठ दिवसांवर आली. आमी येत नाई.

तू वाट पाहशील म्हनून लिहिते. बकरा ठरला होता, गाडी ठरली होती. पोरीच्या बापानं चार महिन्यांत पयल्यांदा तोंड उघडलं, म्हनले, जाऊन ये. मी कोठीतून तू धाडलेला शर्ट काढला. लेकराले जवळ बसवलं, म्हनलं, आता सात वर्सं भरले, आता तुले पोट्टा म्हनाचं, तुझं नाव गुणवंत. मले वाटलं, हासन. तान्ह्या पोळ्याले केवढं रडलं होतं बैलासाठी.

हासलं नाई. मले इचारते, माय, माझे दोघं मोठे भाऊ काऊन मेले? मी म्हनलं, पोट्टे होते म्हनून. जीभच तशी वळली हाये, उमाजी, मी काय करू. त इचारते, मंग प्रेमिला काऊन मेली? थे त पोट्टी होती.

सासूबी तिथीच बसली होती, तिनं तोंड फिरवलं.

लेकरानं शर्ट हातात घेतला, मंग खाली ठेवला. परकराकडं पाह्यलं. म्हनते, माय, पोट्टा झालो त मरतो, पोट्टी झाली त मरते. मी आता काय होऊ?

तीन दिवस झाले, थे शर्ट घालत नाई अन् परकरबी नेसत नाई. एक फडकं गुंडाळून कोठीमांगं बसून राहते. कोनी 'आला' म्हनो का 'आली' म्हनो, दोन्ही हाताईनं कान झाकून घेते. तुझा लाकडाचा बैल देल्ला, तोबी तसाच पडून हाये. मी आता त्याले हाकच मारत नाई. जेवाले ताट नेऊन समोर ठेवते अन् सरकते.

त्याले सांगाले माझ्यापाशी काई नाई. जे होतं थे सारं सांगून झालं. तू शिकलेला हायेस. तुले काई माहीत असन, त ये अन् त्याच्याजवळ बसून सांग. पाळीवरून येऊ नको, शेताच्या वाटेनं ये. आनखी एक. लिहून मात्र धाडू नको, भाऊ. तुझं लिहिलेलं आमच्या घरचे लेकरं खरं मानतात.

गोकुळा